सैन्यातून निवृत्त झाल्यावर वकील झालेलं तुमच्या घरात किंवा ओळखीत कोणी आहे का? त्यांचं आयुष्य कसं गेलं?

आहे ना, माझे वडील. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. १९७९ ला मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई म्हणून भरती झाले, १९९८ ला हवालदार म्हणून पेन्शन आले आणि २००३ ला वकिलीची सनद घेऊन ठाण्यात कोर्ट नाक्यावर जे उभे राहिले ते अजून तिथेच आहेत. तुम्ही लिहिलंय की तुमचा भाऊ चाळिशीच्या आत फौजेतून बाहेर पडतोय आणि त्याच्या डोक्यात लॉ करायचं आहे, तर अशा माणसाचं पुढे काय होतं आणि घरात आधीपासून वकील असावा लागतो का. आमच्या घरात वकील सोडा, साधा कोर्टात कारकूनसुद्धा कोणी नव्हता. पण तात्या वकील का झाले हे घराण्याचं सांगितल्याशिवाय कळणार नाही, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, डोंगराकडचं. जमीन थोडी आणि खाणारी तोंडं जास्त, म्हणून घरटी एक तरी पोरगा पलटणीत. साताऱ्याजवळचं अपशिंगे तुम्ही ऐकलं असेल, अपशिंगे मिलिटरीच म्हणतात त्याला, पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं कामी आली. आमचं गाव तेवढं नावाजलेलं नाही पण रीत तीच. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या पलटणीबरोबर इराकला गेले आणि परत आले नाहीत. घरात एवढंच सांगायचे की “बसऱ्यात राहिला”. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इंग्रज जनरल टाउनशेंडच्या फौजेबरोबर इराकमधल्या कूतला तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, धान्य संपलं, घोडे मारून खायची वेळ आली आणि शेवटी शरण जावं लागलं. पणजोबा वेढ्यात गेले का नंतरच्या लढाईत ते घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. पण बसऱ्याच्या स्मारकाच्या नोंदीत ४० हजारांवर माणसं आहेत, त्यात त्यांचं नाव आहे. ते मी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर शोधलं. आडनाव टाकून काही सापडत नव्हतं, गावाचं नाव इंग्रजांनी जसं ऐकलं असेल तसं वाकडंतिकडं टाकलं तेव्हा सापडलं, बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गाव दिलेलं असतं. ज्यांच्या घरात असा कोणी “बसऱ्यात राहिलेला” आहे त्यांनी बघाच.

तर पणजोबा गेले तेव्हा माझे आजोबा तान्हे होते. जमीन पणजोबांच्या धाकट्या भावाने कसायला घेतली, घरात दुसरा कर्ता पुरुष नव्हताच, आणि उताऱ्यावर त्यांचं नाव लागलं, पुढे ए.कु.मॅ. असा शेरा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे नाव एकाचं असलं तरी जमीन सगळ्या घराची. या तीन अक्षरांवर सातारा, सांगली, कोल्हापूरकडे किती दावे चालू असतील याला सुमार नाही.

आजोबासुद्धा पलटणीतच गेले. दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. त्याच आघाडीवर माणगावकडचे यशवंत घाडगे जुलै १९४४ ला धारातीर्थी पडले, एप्रिल १९४५ ला नामदेव जाधवांनी आपल्या जखमी माणसांना नदीच्या पाण्यातून उचलून आणलं, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. आजोबा मात्र लढाईचं कमी आणि तिकडच्या चिखलाचं जास्त बोलायचे. पुढे स्वातंत्र्यानंतरही ते नोकरीत होते आणि त्याच काळात धाकटे पणजोबा वारले. वारसांची नोंद झाली, फेरफाराची नोटीस गावात आली, आजोबा पलटणीत. वारस म्हणून फक्त धाकट्या पणजोबांची मुलं लागली आणि ए.कु.मॅ. शेरा गायब. कोणी मुद्दाम केलं का कसं ते देव जाणे, चुलत्यांच्या बाजूने बघितलं तर आयुष्यभर राबले तेच, आमची माणसं वर्षातून एकदा ट्रंक घेऊन यायची आणि आंबे खाऊन जायची. कज्जा म्हटलं की आपण दुसऱ्याला चोर ठरवतो पण मला तरी इथे पूर्ण चोर कोणी दिसत नाही.

आजोबा पेन्शन आल्यावरही बरीच वर्षं धान्याचा वाटा येत होता म्हणून कोणी उतारा काढून बघितलाच नाही. वाटा बंद झाला तेव्हा कळलं. १९८३ ला वाटपाचा दावा टाकला, दोन वर्षांत आजोबा गेले आणि वारस म्हणून तात्या आणि आत्या दाव्यात आले. आत्यांनी सगळं तात्यांवर सोडलं, आणि तात्या कधी राजस्थानात, कधी काश्मिरात, १९८७ नंतर शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत.

आता फौजीच्या दाव्यात काय होतं ते ऐका. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस किरकोळ रजा, पण ती कधी मिळणार ते पलटण ठरवणार. तारीख कोर्ट ठरवणार. या दोघांची गाठ पडत नाही. रजेवर आले की समजायचं तारीख मागच्या आठवड्यात होऊन गेली, पुढची दोन महिन्यांनी. किंवा तारखेला आले तर समोरचे वकील आजारी. गावाकडच्या आमच्या वकिलांना फी मनिऑर्डरने जात होती पण पक्षकारच कोर्टात दिसत नाही म्हटल्यावर ते तरी किती रेटणार, पुरावा द्यायला कोणी उभा राहीना आणि एकदा दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला, तो परत फाइलवर घ्यायला वेगळा अर्ज, वेगळी तारीख. तात्या म्हणतात श्रीलंकेत घरची चिठ्ठी आली की आधी बघायचो पोरं बरी आहेत का आणि मग तारीख काय पडली.

पुढे ९० नंतर कधीतरी कंपनीतल्या एका सुभेदारसाहेबांनी सांगितलं की अरे तू रजा मागताना कोर्टकामासाठी म्हणून माग आणि तसा दाखला घे. आर्मी ॲक्ट १९५० चं कलम ३२. त्यात आहे की कोर्टकामासाठी रजा दिल्याचा दाखला जवानाने कोर्टात दिला तर कोर्टाने शक्य तितकं त्या रजेच्या आतच केस ऐकून संपवायचा प्रयत्न करायचा. तात्यांनी तो कागद नेऊन दिला. न्यायाधीशांनी वाचला, समोरच्या वकिलांना विचारलं आणि त्याच रजेत तात्यांचा सरतपास, म्हणजे आपल्या वकिलाने घेतलेली साक्ष, झाला, उलटतपास झाला, पुरावा संपला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी रेल्वेचं भाडं भरलं ते एका टाइप केलेल्या कागदाने झालं. तात्यांच्या डोक्यात वकिली शिरली ती इथे. आधी मनात होतं बँकेत गार्ड व्हायचं, सगळे होतात तसं.

आणि कलम ३२ एकटंच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर २८ आहे, ज्या सैनिकाला रजा मिळत नाही तो आपल्या वतीने दावा चालवायला कोणालाही लेखी अधिकार देऊ शकतो. १९२५ चा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट आहे, लढाईवर किंवा तशा खास परिस्थितीत असलेल्या जवानाविरुद्धची केस त्याच्या पाठीमागे चालू नये म्हणून. इतके जुने कायदे, आणि गावातल्या फौजीला यातलं एक अक्षर माहीत नसतं, अजूनही. मला याचा खरंच राग येतो, भरतीच्या वेळी बूट कसे चमकवायचे ते शिकवता मग हे एका तासात सांगायला काय हरकत आहे.

तात्या भरतीच्या आधी बारावी झाले होते हे नशीब. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरीत असतानाच बीए केलं, पुस्तकं पोस्टाने, परीक्षा रजेत. पेन्शन आल्यावर आम्ही ठाण्याला आलो, वागळे इस्टेटच्या बाजूला चाळीत खोली. रात्री एका कंपनीत सिक्युरिटी, सकाळी लॉ कॉलेज, दुपारी झोप, तीही पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये. वर्गातली पोरं माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठी, ती यांना सर समजून उभी राहायची.

सनद मिळाल्यावर ज्या सिनियरकडे लागले तो वयाने दहा वर्षांनी लहान. त्याची फाइल धरून मागे चालायचं. तात्यांना त्याचं काही वाटलं नाही, फौजेत तरण्या लेफ्टनंटला सॅल्यूट मारायची सवय असतेच. त्रास वेगळाच झाला. कोर्ट अकराचं, हे दहाला हजर. न्यायाधीशांनी काही म्हटलं की तोंडातून “हो सर” निघायचं, युक्तिवाद करायचा असतो म्हणजे साहेबाला अदबीने नाही म्हणायचं असतं, हे अंगवळणी पडायला वेळ लागला. आणि उलटतपासात साक्षीदाराला असं विचारायचे की तो बिचारा सावधानमध्ये उभा राहायचा. कोर्टात सगळे त्यांना मेजर म्हणतात. हवालदारच होते, पण आपल्याकडे पेन्शन आलेला प्रत्येक फौजी मेजरच, आता तेही दुरुस्त करत नाहीत.

कामं काय येतात तर निम्मी साधीच, भाडेकरू, चेक बाउन्स, वारस दाखला. बाकी निम्मी फौजींची. कळवा, दिवा, डोंबिवली, ऐरोली, घणसोली इकडे साताऱ्याकडची किती फौजी घरं आहेत ते बघा, एकाने दुसऱ्याला सांगून येतात. सगळ्यात जास्त भानगड नावांची. फौजेत लग्न, मूल, सगळं पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे फौजेच्या दफ्तरातल्या नोंदीने, नोंदवावं लागतं. नवऱ्याने तिथे बायकोचं माहेरचं नाव लिहिलेलं, आधारवर सासरचं, पोराची जन्मतारीख शाळेत एक आणि तिकडे दुसरी, आणि हे कळतं कधी तर माणूस गेल्यावर, म्हातारी फॅमिली पेन्शनला अर्ज करते तेव्हा. तात्या आता ओळखीच्या प्रत्येक जवानाला पहिला प्रश्न हाच विचारतात, पार्ट टू ऑर्डर बघितलीस का.

मग डिसॅबिलिटी पेन्शन. यासाठी आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजींच्या तक्रारींसाठीचं वेगळं कोर्ट, २००७ चा कायदा, २००९ पासून चालू, मुंबईला खंडपीठ आहे आणि महाराष्ट्र, गुजरात, गोवा त्याच्याकडे. सुप्रीम कोर्टाने २०१३ ला धरमवीर सिंगच्या केसमध्ये सांगितलं की भरती होताना माणूस तंदुरुस्त होता आणि कागदावर तशी नोंद नाही, तर नंतरचा आजार नोकरीमुळे झाला असंच धरायचं, नाही म्हणायचं तर कारण मेडिकल बोर्डाने द्यायचं. मग २०१४ ला राम अवतारची केस, त्यात वीस ते पन्नासच्या आतलं अपंगत्व पेन्शनसाठी पन्नास टक्के धरायचं हे पक्कं झालं. या दोन निकालांनी गुडघे आणि कानाचे पडदे गेलेल्या किती जवानांचं भलं झालं. २०२३ ला नवे नियम आलेत, त्यामुळे आता बाहेर पडणाऱ्याने जुन्या निकालांच्या भरवशावर राहू नये, रिलीज मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे फौज सोडतानाच्या वैद्यकीय तपासणीच्या, वेळीच सगळे कागद हातात घ्यावेत. भावाला हे नक्की सांगा, वकील होवो न होवो.

आमच्या जमिनीचं काय झालं ते राहिलंच. हुकूमनामा आमच्या बाजूने झाला, निम्मा हिस्सा. पण शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप कलेक्टरमार्फत होतं, तिथे परत काही वर्षं गेली. शेवटी तात्या स्वतः वकील झाल्यावर चुलत भावाच्या ओसरीवर बसून तडजोड केली, रस्त्याकडचं त्यांना, वरचं आम्हाला, वर नाचणीसुद्धा धड येत नाही. आई अजून बोलते यावरून.

आता तुमच्या भावाचं. १५ वर्षं नोकरीनंतर फौजेतून जे ग्रॅज्युएशन समकक्ष सर्टिफिकेट मिळतं ते सरकारी क वर्गाच्या नोकरीला चालतं, लॉच्या ॲडमिशनला चालत नाही, तिथे विद्यापीठाची डिग्रीच लागते. मुक्त विद्यापीठाची चालते पण बारावी न करता थेट डिग्री केली असेल तर बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर नियम घालणाऱ्या संस्थेच्या, नियमात अडकतं, यात बरेच फौजी फसतात. डिग्रीला खुल्या गटात ४५ टक्के हवेत. तात्यांच्या वेळी मार्कांवर प्रवेश होता, आता तीन वर्षांच्या एलएलबीलाही सीईटी आहे. वयाची काळजी करू नका, तीस वर्षांची अट घातली होती तिला सुप्रीम कोर्टाने २०१७ ला स्थगिती दिली. नंतर ऑल इंडिया बार एक्झाम, तीही तात्यांना नव्हती. सनदीची फी आता कमी झालीये, २०२४ च्या निकालानंतर खुल्या गटाला ७५० आणि एससी-एसटीला १२५ रुपयेच घेता येतात.

पैशाचं स्पष्ट सांगतो. सनद घेतली की पगाराची पूर्णवेळ नोकरी करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे, म्हणजे सिक्युरिटीची नोकरी सोडावी लागते, आणि जुनियरला पहिली काही वर्षं जे मिळतं त्यात लोकलचा पास आणि चहा निघतो. आमचं घर त्या काळात तात्यांच्या पेन्शनवर आणि आईच्या शिलाई मशीनवर चाललं. पेन्शन चालू राहते, ती वकिलीच्या आड येत नाही. त्यामुळे भावाने डोक्यावर घराचं मोठं कर्ज घेऊन यात उतरू नये, आणि त्याच्या बायकोला आधी विचारावं, कारण ती चार-पाच वर्षं खरी तीच काढणार आहे.