क्लबच्या मुलांना बाहेरगावच्या तलवारबाजी स्पर्धेला न्यायचंय, प्रवास कसा ठरवावा?

तुम्ही विचारलंय की 12 मुलं पहिल्यांदाच राज्य स्पर्धेला न्यायची आहेत. खासगी गाडी करावी की एसटी-रेल्वे, खर्च कसा वाटायचा आणि पालकांना सोबत घ्यायचं का. गाडी कुठलीही करा. पण स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत मुलं त्या गावात पोचलेली पाहिजेत. रात्रभर प्रवास करून सकाळी थेट हॉलवर उतरू असं जो कुणी सुचवेल, त्याच्याकडे प्रवासाचं काम देऊ नका. आम्ही दिलं होतं, म्हणून एवढं लिहितेय.

आमचा क्लब सांगलीचा. मुलगी फॉइल (तलवारबाजीतल्या तीन हत्यारांपैकी एक) खेळते, तिच्यामुळे मी मॅनेजर म्हणून जायला लागले. ऑगस्ट 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगरला स्पर्धा होती. 13 मुलं, त्यात 7 मुली, शिवाय सर, मी आणि अजून एक आई, असे 16 जण. मी हिशोब मांडला होता. त्याच वर्षी मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं. सातशेच्या आसपास पूर्ण तिकीट धरलं तर आम्हा नऊजणींचं अर्धं आणि बाकी सातजणांचं पूर्ण, जाऊन-येऊन 16 हजारांत भागत होतं. टेम्पो ट्रॅव्हलरवाल्यानं 24 हजार सांगितले होते. राहायचा एका रात्रीचा खर्च माणशी 250 प्रमाणे 4 हजार. म्हणजे आदल्या दिवशी जाऊन, झोपून, जेवूनसुद्धा एसटी स्वस्त पडत होती.

क्लबच्या खजिनदारांना ते पटलं नाही. एक तर शुक्रवारची शाळा बुडते. दुसरं, पुण्यात स्वारगेटला उतरून वाकडेवाडीच्या स्टँडवर जायचं, एवढ्या लांब बॅगा घेऊन कोण नाचणार? आणि तिसरं, जे मला आजही टोचतं: "आम्ही रात्रीच्या गाडीनं जाऊन सकाळी कबड्डी खेळलोय, मुलांना इतकं जपून चालत नाही." बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा गप्प बसले, ते माझं चुकलं. राहायचे 4 हजार वाचले म्हणून त्यांनी वहीत तशी नोंदही केली.

शुक्रवारी रात्री 9 ला शाळेच्या फाटकापासून निघालो. तलवारींच्या बॅगा डिकीत मावत नाहीत (फॉइल नि इपी, ही दुसरी तलवार, 110 सेंटीमीटरपर्यंत, वर बॅगेची लांबी), त्यामुळे त्या टपावर, ताडपत्रीखाली. कराडच्या पुढं पाऊस लागला. शिरूर मागं टाकलं आणि सुपं यायच्या आत, पहाटे तीनच्या सुमारास इंजिनाचा पट्टा तुटला. मेकॅनिक यायला सव्वापाच झाले. तोवर 13 मुलं हायवेच्या कडेला, बंद ढाब्याच्या पत्र्याखाली. मुलींना लघवीला न्यायचं तर आम्ही दोघी बाया मोबाईलचा टॉर्च घेऊन चिखलात उभ्या. एका मुलीची पाळी त्याच रात्री आली. खेळायचे कपडे पांढरे, हे तुम्हाला माहीत आहेच. लॉजवर असतो तर तिनं गरम पाण्यानं अंघोळ केली असती, आडवी झाली असती. तिथं ती गाडीच्या मागच्या सीटवर पोट धरून बसली होती आणि मी तिला भडंग खा, भडंग खा म्हणत होते, कारण दुसरं काहीच हातात नव्हतं.

8 वाजून 50 मिनिटांनी हॉलवर पोचलो. 14 वर्षांखालील मुलींच्या फॉइलची हजेरी साडेआठला बंद झाली होती. आमच्या दोन मुलींची नावं कापली होती. आयोजकांना मी बोल लावत नाही. हजेरीवरून पूल (पहिल्या फेरीचे छोटे गट) पाडून पत्रकं लागली की एका संघासाठी ती परत फाडायची का? बाकीच्या संघांची मुलं वेळेवर आलीच होती ना.

जे खेळले त्यांचं काय झालं तेही सांगते. पूलमधली लढत 5 टचची (टच म्हणजे गुण), वेळ 3 मिनिटं. डोळे नीट उघडेपर्यंत 0-3 झालेलं असतं. आणि पूलमधले जय, मग दिलेल्या-घेतलेल्या टचमधला फरक, यावरूनच पुढच्या 15 टचच्या नॉकआउटमधली जागा ठरते. सकाळी पेंगलेला मुलगा खालच्या क्रमांकावर जातो आणि पहिल्याच फेरीत त्याच्यासमोर पूल गाजवून आलेला खेळाडू येतो. आमची इपीची चार मुलं अशीच एका फेरीत घरी. सर म्हणाले, तंत्र चुकलं. मी म्हणाले, झोप चुकली. त्यात संभाजीनगरची मुलं मुळात तयारीची, साईचं (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं) केंद्र त्यांच्या गावात, आणि ती रात्री आपापल्या घरी झोपून आलेली.

नाव कापलं गेलं त्यातली एक मुलगी डावखुरी. तिचे वडील मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतात. तिच्यासाठी त्यांनी 2,600 रुपये भरले होते, दोन हप्त्यांत. दुपारी त्यांचा फोन आला, "ताई, पोरगी खेळली का?" मी फोन तिच्याकडे दिला नाही. मीच सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बरं. जेवली का ती?" त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी मी त्या पोरीला भवानी देवीची गोष्ट सांगितली. चेन्नईची भवानी 14 वर्षांची असताना पहिल्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धेला तुर्कस्तानात गेली, 3 मिनिटं उशीर झाला आणि काळं कार्ड मिळून बाहेर झाली. तीच पुढं ऑलिंपिकमध्ये खेळलेली भारताची पहिली तलवारबाज. टोकियोत पहिली लढत तिनं 15-3 अशी जिंकली. पोरीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकू, पण तिला उशीर कुणामुळं झाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता तुमच्या कामाचं. क्लबचं सामान सामाईक असतं, म्हणून कुठली लामे (टच नोंदवणारं तारांचं जॅकेट), कुठली बॉडी वायर (हत्यार यंत्राला जोडणारी) कुणाच्या बॅगेत आहे याची यादी निघण्याआधी करा आणि एका हत्याराचं सगळं सामान एकाच बॅगेत भरू नका. इपीची वायर तीन पिनांची, ती फॉइलवाल्याच्या उपयोगाची नाही, त्यामुळे जादा वायरी दोन्हीच्या वेगळ्या मोजा. डावखुऱ्यांचं जॅकेट आणि ग्लोव्ह आठवणीनं. ते ऐनवेळी उसनं मिळत नाही. लामेची घडी घालू नका, गुंडाळून न्या, घडीवर तारा तुटतात आणि तिथं टच लागत नाही. टपावर तर काहीच ठेवू नका. आमच्या तीन वायरी त्या पावसात भिजून हत्यार तपासणीत नापास झाल्या.

मुली असतील तर बाई मॅनेजर पाहिजेच. सर कितीही चांगले असोत, पहाटे तीनला रस्त्यावर मुलगी सरांना काय सांगणार? बाकीच्या पालकांना यायचं तर येऊ दे, पण वेगळ्या गाडीनं, आणि राहायलाही वेगळे. आई समोर दिसली की पूलमध्ये हरलेली पोरं सरांऐवजी तिच्याकडे धावतात.

लांब जायचं असेल, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा वगैरे, तर रेल्वेच. पण आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि स्पर्धेचं पत्रक बऱ्याचदा त्यानंतर हातात पडतं, तोवर वेटिंग लागलेलं असतं. गाव नक्की झाल्याचं कळलं की तिकिटं काढून टाका, नावं बदलली तर रद्द करायचा भुर्दंड सोसा. बारा वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा तर पूर्ण भाडं पडतं, ते वर्गणी ठरवतानाच धरा. स्टेशनवर स्कॅनरमध्ये पाती दिसतात आणि बॅग उघडायला लावतात, तेव्हा संघटनेचं पत्र सगळ्यात वर असू द्या.

एसटीबद्दल मी वर जोरात लिहिलंय, पण पुण्यातली अदलाबदल खरंच त्रासाची आहे, खजिनदारांचं तेवढं बरोबर होतं. आम्ही त्यानंतर गेलो तेव्हा स्वारगेटहून वाकडेवाडीला चार रिक्षा कराव्या लागल्या आणि एक बॅग रिक्षात राहता राहता वाचली. पुढं कधी 20-25 मुलं असतील तर एसटीची अख्खी गाडी प्रासंगिक करारावर घ्या. मात्र त्यात अर्ध्या तिकिटाचा फायदा मिळत नाही. आणि गावापासून स्पर्धेचं ठिकाण दोन तासांवर असेल तर पहाटे निघालात तरी चालेल, तिथं मी हट्ट धरणार नाही.

खर्चाच्या वाटणीत आम्ही आता राहण्याची रात्र प्रवेश फीमध्येच धरून सांगतो. वेगळी ओळ दाखवली की बैठकीत कुणीतरी तीच ओळ खोडायला निघतं.

खजिनदार अजून म्हणतात, पट्टा तुटणं हे नशीब, त्यात वेळापत्रकाचा काय दोष. पट्टा कुणाचाही तुटतो, मान्य. गुरुवारी रात्री तुटला असता तर आम्ही शुक्रवारी दोन तास उशिरा लॉजवर पोचलो असतो, आणि शनिवारी त्या दोघी खेळल्या असत्या. त्यांच्या वहीतल्या त्या वाचलेल्या 4 हजारांखाली मी त्या दोघींची प्रवेश फी लिहायला लावली आहे.