विहिरीत लटकलेल्या माणसाची गोष्ट मूळ कोणाची?

तुम्ही विचारलंय की विहिरीत लटकलेला माणूस, खाली अजगर, वर वेल कुरतडणारे काळे-पांढरे उंदीर आणि तोंडात टपकणारा मध, ही गोष्ट टॉलस्टॉयची की महाभारतातली? टॉलस्टॉयची नक्कीच नाही. त्याने स्वतःच ती पूर्वेकडची जुनी गोष्ट म्हणून सांगितली आहे. पण ती महाभारतातूनच जगभर गेली, हेही मला पटत नाही.

महाभारतात ती स्त्रीपर्वात आहे. शंभर मुलं गमावलेल्या धृतराष्ट्राला विदुर ती सांगतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने अनेक पोथ्या ताडून काढलेल्या चिकित्सक आवृत्तीतही ती कायम आहे, म्हणजे चार-दोन पोथ्यांतली मागाहूनची भर नव्हे. तिथला माणूस वेलींत अडकून, देठाला फणस लोंबावा तसा, पाय वर आणि डोकं खाली असा लटकतो. काठावरच्या हत्तीला सहा तोंडं आणि बारा पाय; तो म्हणजे वर्ष, सहा ऋतूंचं आणि बारा महिन्यांचं. उंदीर म्हणजे रात्र आणि दिवस.

आता साप मोजा. विदुराच्या विहिरीत एकच महानाग आहे, तो काळ. ‘वसुदेवहिंडी’ या प्राकृत जैन ग्रंथात मात्र तळाच्या अजगराशिवाय आणखी चार साप आहेत: क्रोध, मान, माया, लोभ. इत्सिंग या चिनी भिक्षूने चिनी भाषेत नेलेल्या बौद्ध सूत्रातही चार साप, तिथे ती चार महाभूतं. सहाव्या शतकातल्या बुर्झोय या इराणी वैद्याच्या आत्मकथनातही चारच. हा पडला वैद्य, त्याने त्यांना शरीरातले चार रस केलं. ते आत्मकथन आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाच्या ‘कलीला व दिम्ना’तून, म्हणजे पंचतंत्राच्या अरबी अवतारातून, अरबीत आलं. पुढे बुद्धचरित्रावरून रचलेल्या बारलाम आणि जोसाफत यांच्या ख्रिस्ती कथेत हत्तीचा एकशिंगी घोडा झाला, तरी चार साप टिकले.

माझ्या मते हाच सगळ्यात बोलका पुरावा आहे. पश्चिमेकडे गेली ती चार सापांची गोष्ट, विदुराची नव्हे. घर सोडून हिंडणारे श्रमण, मग ते जैन असोत की बौद्ध, ही गोष्ट तोंडी सांगत असावेत, आणि महाभारतकारांनीही ती त्याच साठ्यातून उचलली असावी. त्यामुळे एका ग्रंथाचं नाव मूळ म्हणून सांगायला मी तयार नाही. स्त्रीपर्वाचे पाचवा आणि सहावा हे दोन छोटे अध्याय मात्र जरूर वाचा.