आठ दिवसांची पाटी

"दहावीतला मुलगा माझ्याशी बोलतच नाही. विचारलं की 'काही नाही' म्हणतो आणि मोबाइल घेऊन आत जातो." ही तक्रार माझ्याकडे सतत येते. सल्ल्याऐवजी एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका. पहिल्या भेटीला मुलालाही घेऊन आल्या होत्या. मी त्याला काही विचारलं की उत्तर बाईंकडून यायचं. हे लक्षात आणून दिलं, तर म्हणाल्या, "अहो, तो बोलत नाही म्हणून तर मला बोलावं लागतं!"

त्यांचा आवाज मात्र पार घोगरा. दोन महिने ज्येष्ठमधावर भागवत होत्या. तीन-चार आठवड्यांत आवाज सुटला नाही तर घसा दाखवायलाच हवा, म्हणून त्यांना डॉक्टरांकडे पिटाळलं. स्वरतंतूवर पॉलिप, म्हणजे छोटी मऊ गाठ, निघाला. शस्त्रक्रिया झाली आणि पुढे आठ दिवस मौन. कुजबुजायचंही नाही, कारण त्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो.

घरातली जुनी पाटी कामाला आली. पहिले दोन दिवस नुसती चिडचिड. तिसऱ्या रात्री मुलगा ओट्यापाशी येऊन म्हणाला, "आई, मला क्लासला जायचं नाही." बाईंनी पाटी ओढली आणि 'अरे पण फी' एवढं लिहिलं, तोच पेन्सिल मोडली. तुकडा ओट्याखाली गेला. तो शोधेपर्यंत पोरगा बोलतच राहिला. गणितातलं काही कळत नाही, शंका विचारली की मागची मुलं हसतात. "मी अंगठ्याने 'फी' पुसून टाकलं," बाई म्हणाल्या. "आवाज असता तर तेच आधी तोंडातून गेलं असतं."

आजारपण म्हणजे छुपं वरदान वगैरे मी कुणाला सांगत नाही. बाईंचा घसा दुखलाच, रजाही गेली. पण वर्गात बाई गप्प झाल्या की गोंधळ सुरू होतो, त्यामुळे शांतता दिसली की ती भरायची, ही सवय त्या घरीही घेऊन यायच्या. मी सांगून ते त्यांना पटलं नव्हतं. तुमचंही मूल गप्प असेल तर त्याचं वाक्य संपल्यावर तुम्ही किती वेळ थांबता, ते एकदा बघा.

आवाज परतला तशी सवयही परतली. घसा ओला ठेवायला डॉक्टरांनी घोट घोट पाणी प्यायला सांगितलंच होतं. मी म्हटलं, त्याचं वाक्य संपलं की एक घोट घ्या, मग बोला.

मागच्या भेटीला मुलगा एकटाच आत आला. आई कुठेय विचारलं.

"बाहेर बसलीय," तो हसला. "बाटली घेऊन."