बूट ओले होते, पण पांढरे होते

प्रश्न असा आहे: "वय ४३. मुलीची बोर्डिंग शाळेतल्या खुनाची इंग्रजी कादंबरी सहज हातात घेतली आणि दोन रात्रींत संपवली. नवरा हसतोय. या वयात पोरांची पुस्तकं आवडणं विचित्र आहे का? अशी आणखी कोणती आहेत?"

विचित्र वगैरे काही नाही. नवऱ्याला हसू द्या. मला हसणारा माझा सख्खा मोठा भाऊ आहे, त्यामुळे या विषयावर मी जरा तापूनच लिहिणार आहे.

मी ५० वर्षांचा. राहायला नौपाड्यात, नोकरी महापेला. गेल्या पावसाळ्यात भाची आमच्याकडे मॉरीन जॉन्सनची 'ट्रूली डेव्हियस' विसरून गेली. अमेरिकेत व्हर्माँटच्या डोंगरातली निवासी शाळा. १९३६ साली तिच्या संस्थापकाच्या बायको-मुलीचं अपहरण झालेलं. आजच्या काळात तिथं एक मुलगी शिकायला येते, ती खरं तर ते जुनं प्रकरण सोडवायलाच. सकाळच्या वाशी लोकलमध्ये विंडो मिळाली म्हणून पुस्तक उघडलं. उतरायचं होतं कोपरखैरणेला, मान वर केली तेव्हा वाशी आलं होतं. त्याला कारण तो खून नव्हे. कारण माझे बूट.

मी स्वतः वसतिगृहात वाढलो. पाचवी ते दहावी, घाटावरची एक शाळा, नाव राहू दे. या कादंबऱ्या खोट्या वाटतात म्हणणारे कधी वसतिगृहात राहिलेले नसतात. रात्री फाटकाला कुलूप, म्हणजे जे काही झालं ते आतल्याच कुणीतरी केलंय. आईबाप लांब. कोण कधी आंघोळीला जातो, कोणाच्या ट्रंकेची किल्ली कुठे लपवलेली असते, हे प्रत्येकाला प्रत्येकाचं पाठ. लेखकाला याहून सोयीची जागा कुठे मिळणार?

१९८८ चा डिसेंबर, मी आठवीत. सहामाहीच्या पहिल्या पेपरच्या दिवशी पहाटे शाळेच्या घंटेचा लोळा गायब. आतला लोखंडी लोळाच नाही म्हटल्यावर घंटा वाजणार कशी? अख्खं वसतिगृह सात वाजेपर्यंत झोपलेलं. रेक्टर सरांनी सगळ्यांना व्हरांड्यात रांगेत उभं केलं आणि एकेकाचे पीटीचे बूट बघत आले. माझे ओलेचिंब. "का ओले?" मी गप्प.

गप्प, कारण आमच्या खोलीत पाचवीतला एक पोरगा होता, रात्री अंथरूण ओलं करायचा. मी खोलीचा मॉनिटर. पहाटे साडेचारला त्याची चादर मागच्या हौदावर धुऊन टाकायची आणि कुणाला सांगायचं नाही, असं त्याला वचन दिलेलं. तेराव्या वर्षी माणूस वचनाला फार जपतो. पंधरा दिवस खेळ बंद, घरी पत्र. बाबा एसटीनं आले, माफीपत्रावर सही करून त्याच दिवशी परत गेले. दादा तेव्हा कॉलेजात. सुट्टीत घरी गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "तूच काढला असशील, मला माहितेय तुला."

हे सगळं मी विसरलो होतो असं नाही, पण त्याचा विचार करणं सोडून दिलं होतं. या जातीची पुस्तकं वाचताना मात्र एक खोड लागते: काय दिसतंय त्यापेक्षा काय दिसायला हवं होतं, ते शोधायची. आणि गाडी तुर्भ्याच्या आसपास असताना एकदम डोक्यात आलं. घंटा मैदानाच्या पलीकडे होती. मैदान लाल मातीचं. ओल्या बुटांनी ते ओलांडलं असतं तर तळवे आणि कडा लालभडक झाल्या असत्या. हौदाभोवती मात्र शहाबादी फरशी. माझे बूट ओले होते, पण पांढरे होते. पाऊण तास ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते, आणि कुणालाही दिसले नाहीत. मलासुद्धा नाही!

रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका पाद्र्यानं १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यातला एक म्हणजे गुप्तहेराला सापडलेला पुरावा वाचकालाही तिथल्या तिथं दाखवला पाहिजे. चांगली कादंबरी हे पाळते, म्हणून ती परत वाचण्यात जास्त मजा आहे. दादाचं मत उलटं. खुनी कळला की पुस्तक रद्दीत. आणि हा तोच माणूस, जो शाळेत असताना ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून बाबूराव अर्नाळकर आणायचा आणि मी वाचायच्या आत पहिल्या पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यातल्या निदान चाळीस तरी त्यानं माझ्यासाठी नासवल्या. तेव्हा ते वाङ्मय होतं, आणि मी वाचतो ते पोरकट.

आणखी कोणती, हे राहिलंच. अगाथा ख्रिस्तीची 'कॅट अमंग द पिजन्स' घ्या, १९५९ ची. मुलींची शाळा, खेळाच्या पॅव्हेलियनमध्ये खेळाच्या बाईंचा खून, आणि तिचा गुप्तहेर पॉयरो येतो तो पुस्तक बरंच पुढं गेल्यावर. रॉबिन स्टीव्हन्सची 'मर्डर मोस्ट अनलेडीलाइक' जरा लहान मुलांची आहे, पण सुरुवात झकास: जिममध्ये विज्ञानाच्या बाईंचं प्रेत, आणि माणसं बोलावून परत यावं तर प्रेतच नाही. बाकी नावं खाली लोक देतीलच.

एक सांगायचं राहिलं, आधीच सांगायला हवं होतं. 'ट्रूली डेव्हियस' एकटी घेऊ नका. पहिला भाग ऐन मोक्यावर सोडून देतो, जुन्या प्रकरणाचा पुरता उलगडा व्हायला २०२० चा तिसरा भाग यावा लागतो. मी त्या रात्री चिडून झोपलोच नाही. मधला भाग थोडा रेंगाळतोही.

वाशीच्या प्लॅटफॉर्मवरूनच दादाला फोन लावला होता. बुटांचं सांगितलं. तो म्हणाला, "धुतले असशील." म्हटलं, लाल माती कॅनव्हासवरून धुऊन जात नाही, आम्ही दर रविवारी वरून पांढरा रंग फासायचो तो कशाला? बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग लोळा काढला कुणी?"

३७ वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मला माहीत नाही. तिघांवर संशय आहे. त्यातला एक आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे.