कॅमेरे बंद आहेत म्हणून

प्रिय मुली,

तुझ्या ऑनलाइन वर्गात मुलं कॅमेरे बंद ठेवतात, शंका विचारत नाहीत, म्हणून "मुलांना शिकायचंच नाही" हे तुझं वाक्य मला पटलं नाही, आणि दोनदा लिहिलंस म्हणून ते खरं होत नाही.

कॅमेऱ्याचा नाद आधी सोड. एका खोलीचं घर, मागे आई भाकऱ्या थापतेय, भाऊ बनियनवर फिरतोय, रोजचा दीड जीबी दुपारीच संपलेला. तो पोरगा कॅमेरा कशाला लावेल? त्यातून शंका विचारायची इंग्रजीत, साठ जणांच्या देखत! तू तरी कधी विचारलीस वर्गात?

ऑनलाइन चर्चेतल्या सहभागाला पाच गुण ठेवणार म्हणतेस. खुशाल ठेव. एकमेकांचं बघून उतरवलेल्या साठ ओळी मिळतील. एनपीटीईएलमध्ये, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सेसमध्ये, असाइनमेंटला 25 आणि केंद्रावरच्या परीक्षेला 75 गुण असतात; त्या 25 साठी पोरं शेवटच्या रात्री जागून असाइनमेंट भरतात, पण शंका विचारत नाहीत. आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचतंय हे दिसलं, तरच मुलं लिहितात. वाचणारा माणूस दिसला पाहिजे, बाकी सगळं नंतर.

2012 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीनं विजेच्या सर्किट्सचा खुला ऑनलाइन कोर्स काढला. सुमारे 1 लाख 55 हजारांनी नाव नोंदवलं, पास झाले सात हजारांच्या आसपास. कोर्सच्या चर्चेच्या पानावर लिहिणारे फार थोडे. पण गृहपाठ सोडवताना मुलं सगळ्यात जास्त तीच चर्चा उघडून बसत. एकीला दिलेलं उत्तर गप्प बसलेलेही वाचतात, कळलं? आणि न दिलेलं उत्तरही त्यांना दिसतंच.

मी रात्री अकरालाही उत्तरं द्यायचो. सहकारी म्हणायचे, सर, पोरं डोक्यावर बसतील. बसली काही. बसू देत! घरीही बोलणी खाल्ली, पण कुणाची शंका शिळी होऊ दिली नाही. तो हट्ट मी आजही सोडणार नाही, आणि तूही धर. वाचणारा माणूस दिसला पाहिजे.

तू पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये खाली एका मुलीची शंका दिसतेय, दोन आठवड्यांपूर्वीची. खाली उत्तर नाही. ते आज लिही. मराठीत, तिचं नाव घेऊन. सर्किटच्या दुसऱ्या लूपमध्ये तिनं व्होल्टेजचं चिन्ह उलटं घेतलंय. बाकी समीकरणं बरोबर आहेत, तेही सांग तिला.

तुझा,
सर