‘मानांकन’, ‘क्रमवारी’ आणि एट्रुस्कन सहा

प्रश्न असा : ‘फिफा मानांकनात इटली’ असं छापतात ते बरोबर का? इटलीतल्या सान काशानो देई बान्यी इथल्या गरम झऱ्याच्या गाळातून 2022 मध्ये निघालेल्या 24 कांस्यमूर्तींची बातमी वाचून त्याच वाचकाने पुढे विचारलंय, की एट्रुस्कन या प्राचीन इटलीतल्या भाषेत ‘सहा’ला काय म्हणत?

‘मानांकन’ चूक. रोज वाचतो आणि रोज चीड येते. फिफाची यादी ही क्रमवारी. टक्केवारी, वर्गवारी, आणेवारीच्या घरातला शब्द. मानांकन म्हणजे सोडत काढण्याआधी बलाढ्य संघांना वेगळं काढून मानाची जागा देणं. टेनिसमधला ‘अग्रमानांकित’ तो हाच. क्रमवारी पाहून मानांकन देतात, म्हणून दोन्ही एक होत नाहीत. 24 मार्च 2022 ला पालेर्मोत विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात क्रमवारीतल्या सहाव्या इटलीला 67व्या उत्तर मॅसिडोनियाने 1-0 हरवलं. विश्वचषकाच्या सोडतीत इटलीची चिठ्ठीच नव्हती, मग मानांकन कुठलं?

आता सहा. एट्रुस्कन आकड्यांपैकी नेमक्या याच आकड्यावर विद्वान दीडशे वर्षं भांडताहेत! पुरावा म्हणजे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातले दोन फासे, ‘टस्कानियाचे फासे’ म्हणून ओळखले जाणारे. त्यांवर टिंबं नाहीत, शब्द कोरलेत : थु, झल, कि, माख, हुथ, शा. ‘कि’ म्हणजे तीन हे पक्कं, कारण 1964 साली इटलीतल्या पिर्जीला सापडलेल्या सोन्याच्या पत्र्यांवर ‘कि अविल’च्या जोडीला फिनिशियन या उलगडलेल्या प्राचीन भाषेत ‘वर्ष तीन’ लिहिलंय. थु एक, झल दोन, माख पाच. उरले हुथ आणि शा. एक चार, दुसरा सहा.

फाशावर थुच्या समोर हुथ, झलच्या समोर माख, किच्या समोर शा. एक पक्ष म्हणतो, समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात, म्हणून हुथ सहा. मला हे मुळीच पटत नाही. सातची बेरीज हा काही फाशांचा सनातन धर्म नव्हे. मोहेंजोदडोच्या फाशांवर 1 समोर 2, 3 समोर 4, 5 समोर 6 असतात. हुथ चार धरून पाहा : 1-4, 2-5, 3-6. दर जोडीत तीनचा फरक, किती नेटकी मांडणी!

आणि खरा आनंद पुढेच आहे. ग्रीसमधल्या अ‍ॅटिकातल्या ‘टेट्रापोलिस’चं, म्हणजे चार गावांच्या समूहाचं, जुनं नाव बायझँटियमच्या स्टेफानस या जुन्या कोशकाराने ‘ह्युट्टेनिया’ असं नोंदवलंय. चार गावं, आणि नावात हुथ! ग्रीक मुलखात हा शब्द कसा, असं विचारणाऱ्यांनी ग्रीसच्याच लेम्नोस बेटावरचा शिलालेख पाहावा. त्याची भाषा एट्रुस्कनची सख्खी बहीण आहे. गावाच्या नावात शब्द किती चिवट राहतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. फाशांतलेही तसेच राहतात. कृत, त्रेता, द्वापर, कली ही आपल्या युगांची नावं आधी द्यूतातल्या दानांची. त्यात चाराचं दान कृत, सर्वांत वरचं. एकाचं कली, हरलेलं. क्रमवारीच्या अगदी उलट.

तर हुथ म्हणजे चार. पालेर्मोत उतरली तेव्हा इटली ‘शा’ होती.