संग्रहालयाच्या पेजवर लोक फक्त लाइक करून जातात, त्यावर माझा अनुभव

तुमचा प्रश्न असा की ट्रस्टचं छोटं संग्रहालय आहे, वेबसाइट झाली, रोज एक पोस्ट जाते, लाइक बऱ्यापैकी येतात पण त्यापुढे कोणी काही करत नाही. मी बरीच वर्षं अशाच एका संग्रहालयाचं ऑनलाइन काम बघतोय म्हणून स्पष्टच सांगतो, तुमच्या पोस्टमध्ये लोकांना करण्यासारखं काही नाहीये. "ही बघा अमुक शतकातली वस्तू" एवढंच लिहिलं की वाचणारा लाइक करतो आणि पुढे जातो, दुसरं करणार तरी काय.

लायब्ररी ऑफ काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं, जानेवारी २००८ मध्ये फ्लिकर या फोटो शेअर करायच्या वेबसाइटवर तीन हजारांवर जुने फोटो टाकले. त्यातल्या बऱ्याच फोटोंची माहिती त्यांच्याकडेच अर्धवट होती, निगेटिव्हवर लिहिलेले दोन-चार शब्द, बास. त्यांनी लोकांना सांगितलं की टॅग करा, म्हणजे फोटोला शोधायला सोपे शब्द जोडा, ओळख पटली तर कळवा. नऊ-दहा महिन्यांत सात हजारांवर कमेंट आल्या आणि कोणी जागा ओळखली, कोणी माणसं ओळखली, कोणी त्या काळच्या वर्तमानपत्रातली बातमी शोधून जोडली. लोक काहीबाही लिहितील ही भीती सगळ्याच विश्वस्तांना असते, पण तिथे काढून टाकावा लागलेला मजकूर पंचवीस ठिकाणीसुद्धा नव्हता. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की लायब्ररीनं तपासून पाहून पाचशेवर नोंदी आपल्या मूळ कॅटलॉगमध्ये सुधारल्या. आणि चिकाटीनं अशी शोधाशोध करणारे नेमाचे लोक किती, तर साधारण वीस! तुम्हालाही हजारो नकोत, असे पाच-सात मिळाले तरी खूप आहे.

लोकांनी सांगितलेलं तपासून नोंद सुधारायची, आमच्याकडे हेच चुकलं होतं. एका लाकडी अवजाराचा फोटो टाकला, तर सुतारकाम केलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी लिहिलं की तुम्ही ते उलटं ठेवलंय, पकडायची बाजू ही नव्हे, आणि कसं वापरायचे तेही सविस्तर सांगितलं. आम्ही खाली "धन्यवाद" टाकलं आणि विसरलो. काही महिन्यांनी ते प्रत्यक्ष बघायला आले तर वस्तू तशीच उलटी, पाटीवरही तेच. नंतर त्यांनी कधीच काही लिहिलं नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण ती माहिती आमच्या एकाही पुस्तकात नव्हती आणि त्यांच्याकडे अजून कितीतरी असणार होती. तेव्हापासून आम्ही नियम केला की कोणी काही सांगितलं की आठवड्यात तपासायचं, पटलं तर नोंदवहीत आणि वेबसाइटवर बदल करायचा, त्यांची परवानगी असेल तर नाव द्यायचं आणि बदललेल्या पानाची लिंक त्यांना पाठवायची. पटलं नाही तर का नाही तेही लिहायचं. लोक परत यायला लागले ते यानंतर.

काम मात्र छोटं द्या. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लायब्ररीच्या ट्रोव्ह या वेबसाइटवर जुनी वर्तमानपत्रं आहेत, मशिननं वाचलेल्या मजकुरात चुका असतात आणि कोणीही एखादी ओळ दुरुस्त करू शकतं, मग पुढच्या माणसाला ती शोधात सापडते. एकच ओळ केली तरी चालते, म्हणून माणूस बसतो आणि मग तासभर उठत नाही.

आता देणग्यांचं. २०१४ मध्ये लोक डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून त्याचे व्हिडिओ टाकत होते, त्या आइस बकेट चॅलेंजमध्ये एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला सुमारे ११.५ कोटी डॉलर मिळाले, त्यामुळे प्रत्येक संस्थेला आपलंही काही व्हायरल व्हावं असं वाटतं. त्याच्या मागे लागू नका, ते ठरवून होत नाही. त्यातलं घेण्यासारखं हे की २०१६ मध्ये एनइके१ या जनुकाचा एएलएसशी संबंध सापडला तेव्हा त्या संशोधनाला तुमच्या पैशाचा हातभार लागला हे लोकांना सांगितलं गेलं. तुम्हीही देणगीतून एक कपाट दुरुस्त झालं तरी त्याचा फोटो देणाऱ्याला पाठवा.

एक मात्र जपा, सगळंच ऑनलाइन टाकायचं नसतं. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू या आदिवासी समाजासोबत मुकुर्तू नावाची, फोटो आणि नोंदी ऑनलाइन जपायची प्रणाली तयार झाली, तिच्यात कोणता फोटो कोणी बघायचा हे तो समाजच ठरवतो, कारण काही गोष्टी ठराविक लोकांनीच बघायच्या असतात, मृत व्यक्तींचे फोटो तर सरसकट दाखवत नाहीत. तुमच्याकडेही कोणाच्या घरचे फोटो, पूजेच्या वस्तू असतील तर टाकण्याआधी त्या लोकांना विचारा, आपल्या ताब्यात आहे म्हणून आपला हक्क असं धरून चालू नका.

सुरुवात म्हणाल तर रोजची पोस्ट बंद करा, आठवड्याला एकच टाका, तीही ज्या वस्तूबद्दल तुम्हाला खरंच काहीतरी माहीत नाहीये तिची, आणि नेमका प्रश्न विचारा, "हे कशासाठी वापरत?" किंवा "मागची इमारत कोणती?" असा. पण त्याआधी जुन्या पोस्टखालच्या सगळ्या कमेंट शांतपणे वाचून काढा, कोणीतरी काहीतरी सांगून गेलेलं असतं, त्यांना आधी उत्तर द्या.